कायोटीच्या शिकारीसाठी कॅलिबर कुठलं? एपिसोडचं लेखी रूप

लोकलमध्ये ज्यांचं नेट जातं, किंवा नुसतं ऐकून ज्यांच्या डोक्यात आकडे बसत नाहीत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जिथे फारच पाल्हाळ झालं तिथे कात्री लावली आहे, बाकी जसंच्या तसं.

सुरुवातीलाच एक गोष्ट. भारतात बसून ऐकणाऱ्यांनो, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. कोल्ह्यावर नेम धरणं हा सरळ गुन्हा आहे. हा सगळा विषय टेक्सासचा आहे, तो तिथेच ठेवायचा. टेक्सासमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही, वर्षभर शिकार चालते, पण हंटिंग लायसन्स लागतं. त्या लायसन्सची एक भानगड आहे, ती पुढे सांगतो. व्हिसावर असाल तर तो भाग सोडू नका.

मी डॅलसला सॉफ्टवेअरमध्ये आहे. टीममधल्या एका मित्राच्या मामांचं रँच राज्याच्या पार वरच्या टोकाला, अमरिलोच्या बाजूला आहे. त्या भागाला पॅनहँडल म्हणतात. डॅलसहून गाडीने सहा तास. सपाट माळ, गवत, गाई आणि वारा. गाई व्यायच्या दिवसांत कायोटी नवजात वासरांवर टपून असतात, म्हणून मामांनी भाच्याला बोलावलं आणि त्याच्याबरोबर मीही गेलो. तोंडावर मी त्यांना 'सर' म्हणायचो, पण डोक्यात ते मामाच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, बी.टेक. करून तिकडे कोल्हे मारायला गेलास का?"

आई, तो कोल्हा नाही. हे आधी मिटवू. आपला कोल्हा वेगळा, खोकड वेगळं, लांडगा वेगळा. कायोटी उत्तर अमेरिकेतला. लांडग्याचाच भाऊबंद, पण अंगाने बराच लहान. नाव मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलं. वजन साधारण १० ते १६ किलो, क्वचित जास्त. हिवाळ्यात केस फुगलेले असतात म्हणून दिसतो मोठा, पण आत अंग सडपातळ. छातीत हृदय आणि फुप्फुसं असतात ती जागा जेमतेम ४-५ इंचांची, चहाच्या बशीएवढी. गोळी त्या बशीत लागली तर जनावर जागेवर पडतं. बशीच्या बाहेर लागली तर काय होतं ते मी पाहिलंय, सांगतो.

आता कॅलिबर. आपण भारतीय पोरं मोबाईल घेतो तशीच रायफल निवडायला जातो: रॅम किती, मेगापिक्सेल किती, जो आकडा मोठा तो भारी. इथे आकडेच फसवतात. आपल्याकडे 'थ्री नॉट थ्री' सगळ्यांना माहीत आहे. जुन्या पोलिसांच्या खांद्यावर असायची ती. थ्री नॉट थ्री म्हणजे .३०३ इंच. पण त्या रायफलीच्या गोळीचा खरा व्यास .३११ इंचाच्या आसपास असतो! नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंत मोजलं तर एक आकडा येतो, खाचेपासून खाचेपर्यंत मोजलं तर दुसरा. कोणी हा घेतला, कोणी तो. .२२३ रेमिंग्टनची गोळी .२२४ इंच. .२२-२५० रेमिंग्टनची गोळीही .२२४ इंच, आणि त्यातला '२५०' त्याच्या बापाकडून आलाय, म्हणजे .२५० सॅव्हेज नावाच्या जुन्या काडतुसाकडून. कोड रिव्ह्यूमध्ये अशी व्हेरिएबलची नावं दिली असती तर माझा पुल रिक्वेस्ट परत आला असता.

थोडक्यात, नावातला आकडा फक्त जाडी सांगतो, तीसुद्धा अंदाजे. मागे पुंगळीत दारू किती आहे हे तो सांगत नाही, आणि खरा खेळ तिथेच आहे. बारावीचं फिजिक्स आठवा: अर्धा एम व्ही स्क्वेअर. वस्तुमान एकदाच, वेग मात्र वर्गात.

साध्या .२२ लाँग रायफलची ४० ग्रेनची गोळी, म्हणजे २.६ ग्रॅम, साधारण १,२५० फूट प्रति सेकंद वेगाने निघते. ऊर्जा येते १९० जूलच्या आसपास. .२२३ रेमिंग्टनची ५५ ग्रेनची गोळी, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या वर थोडी, ३,२४० फूट प्रति सेकंदाने निघते. ऊर्जा सुमारे १,७४० जूल. जाडी जवळजवळ तीच, वजन दीडपट पण नाही, आणि ऊर्जा नऊ पट. म्हणून 'टू-टू' आणि 'टू-टू-थ्री' ऐकायला सख्खे भाऊ वाटले तरी एक डबे-बाटल्यांवर सराव करायला आहे आणि दुसरं कायोटीसाठी आहे. .२२ लाँग रायफलने कायोटी मरतो का? अगदी जवळून, अगदी नेमका लागला तर मरतो. पण त्या 'तर'वर कोणी शिकारीला जाऊ नये. .१७ एचएमआर २००२ मध्ये आलं, १७ ग्रेनची चिमुकली गोळी, वेग २,५५० फूट. खारी-सशांना मस्त. कायोटीला माझ्या मते कमीच. १०० यार्डाच्या आत वापरणारे लोक आहेत, वापरोत बापडे.

मग उरतात खरे उमेदवार. मी काय केलं सांगू? पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. वेग, ऊर्जा, २०० यार्डावर शून्य केल्यावर ३०० यार्डावर गोळी किती खाली येते, वाऱ्याने किती सरकते, सगळं टाकलं, प्रत्येकाला वजन दिलं आणि स्कोअर काढला. पहिला नंबर आला .२२-२५० चा. १९६५ मध्ये रेमिंग्टनने बाजारात आणलं, पण त्याआधी कित्येक वर्षं हौशी लोक ते घरीच बनवत होते. ५५ ग्रेन, ३,६८० फूट प्रति सेकंद, २,२०० जूलच्या वर. ३०० यार्डावर .२२३ सात इंचांच्या आसपास खाली येतं, हे पाच-सव्वापाच. कागदावर प्रश्नच मिटला.

मामांना मोठ्या अभिमानाने लॅपटॉप दाखवला. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि विचारलं, "आत्तापर्यंत एकूण किती गोळ्या झाडल्यास?"

मी म्हटलं, "साठ."

ते म्हणाले, "मग .२२३."

तेव्हा राग आला होता. आता कळतंय. माझ्या स्क्रिप्टमध्ये 'चालवणारा' नावाचा कॉलमच नव्हता. .२२३ चा धक्का इतका कमी की झाडल्यावरही दुर्बिणीतून जनावर दिसत राहतं, गोळी कुठे लागली ते स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. गोळ्या स्वस्त, प्रत्येक दुकानात मिळतात, त्यामुळे सरावाला ५०० झाडल्या तरी खिसा रडत नाही. .२२-२५० ची नळी लवकर तापते, लवकर झिजते, गोळ्या महाग, म्हणून माणूस सराव कमी करतो. आणि मुख्य म्हणजे कायोटीला आवाज काढून बोलावतात. जखमी सशाच्या ओरडण्याची नक्कल, तोंडाच्या शिट्टीने किंवा स्पीकरवर. तो स्वतःच जवळ येतो, बहुतेक वेळा १५० यार्डाच्या आत. तिथे .२२३ आणि .२२-२५० मधला फरक जनावराला कळत नाही. तुमच्या खांद्याला आणि पाकिटाला मात्र कळतो.

.२०४ रुगर २००४ चं. ३२ ग्रेनची गोळी ४,२०० फुटांच्या वर पळते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १.३ किलोमीटर. उड्डाण सरळ रेषेत, धक्का नगण्य. कातडं विकणाऱ्यांचं हे लाडकं, कारण छोटी गोळी आत जाऊन फुटते आणि बहुधा बाहेर पडत नाही, म्हणजे कातड्याला एकच बारीक भोक. डिसेंबर-जानेवारीत केस दाट असतात तेव्हा हा मुद्दा महत्त्वाचा. मामांना कातड्याशी देणंघेणं नाही, त्यांना वासरं वाचवायची आहेत. तुमचा हेतू कुठला ते आधी ठरवा, कारण उत्तर तिथेच बदलतं.

.२४३ विंचेस्टर १९५५ चं, .३०८ ची मान आवळून केलेलं. ज्याला एकाच रायफलीत कायोटी आणि हरीण दोन्ही हवंय त्याने डोळे झाकून हे घ्यावं. हलकी गोळी घातली की कायोटी, ९५-१०० ग्रेनची घातली की हरीण. वाऱ्यात जड गोळी कमी सरकते. तोटा म्हणजे कातड्याचं वाटोळं आणि धक्का थोडा जास्त. ६.५ क्रीडमूरबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. चालतं, पण १२ किलोच्या जनावराला ते म्हणजे डास मारायला खलबत्ता.

आता गोळीबद्दल दोन वाक्यं, कारण लोक कॅलिबरवर तासभर भांडतात आणि गोळी कुठलीही उचलतात. कायोटीसाठी लागल्या लागल्या फुटणारी गोळी हवी, टोकाला प्लास्टिकची चोच असते ती. पूर्ण तांब्याने मढवलेली लष्करी पद्धतीची स्वस्त गोळी, जिला फुल मेटल जॅकेट म्हणतात, ती बारीक भोक पाडून आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं, आणि गोळी पुढे कुठेतरी दगडावर आपटून भलतीकडे उडते. ती सरावाला ठेवा. आणि कॅलिफोर्नियावाल्यांनो, तुमच्याकडे १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. तांब्याचीच घ्यावी लागते.

एक धोक्याची गोष्ट. याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसं बाहेरून सारखीच दिसतात. ५.५६ म्हणजे आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलचं तेच. ५.५६ चं चेंबर असलेल्या रायफलीत .२२३ झाडलं तर चालतं. उलटं करू नका. .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ घातलं तर आतला दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. नळीवर कोरलेलं असतं ते वाचा. दुकानदाराच्या किंवा मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि नळीवरच पिळाचा आकडाही असतो, १:१२, १:९, १:८ असा. १:१२ म्हणजे १२ इंचांत एक फेरा. लांब-जड गोळीला जास्त पीळ लागतो. १:१२ च्या नळीत ७५ ग्रेनची लांबलचक गोळी घातली तर ती हवेत डुलायला लागते आणि कुठेही जाते. ५० ते ५५ ग्रेन मात्र यातल्या बहुतेक नळ्यांना चालतं. विषय संपला.

बरं, आता वारा. अमरिलो हे अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त वाऱ्याच्या शहरांपैकी एक आहे. तिथे झाडं का कमी आहेत ते पहिल्या सकाळीच समजलं. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात २०० यार्डावर ४-५ इंच सरकते, ३०० यार्डावर १० इंचांच्या थोडी वर. बशी किती मोठी होती? ४-५ इंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कायोटी आला आणि २८० यार्डावर थांबला. पुढे येईना. मी वाट बघायला हवी होती. नाही बघितली. वारा ताशी २० मैलांचा होता, मला तो १० चा वाटला, कारण आम्ही बसलो होतो त्या खळग्यात तेवढाच लागत होता. मी नऊ इंच पुढे नेम धरला. गोळी सरकली १८ इंच, म्हणजे आपल्या जुन्या मापाने बरोबर एक हात. लागली मागच्या बाजूला, पोटात. तो गोल फिरला, स्वतःच्याच अंगाला चावला आणि गवतात गेला.

दोन तास शोधलं. रक्ताचे थेंब, मग नाही, मग परत. मित्र काही बोलत नव्हता, मामा पुढे चालत होते. सापडला तेव्हा जिवंत होता, आणि आमच्याकडे बघत होता. मामांनी रायफल माझ्या हातात दिली, कारण ते काम माझं होतं. त्याबद्दल रेकॉर्डिंगमध्ये मी जरा जास्त बोललो होतो, इथे एवढंच ठेवतो.

परत आल्यावर रात्री मी स्क्रिप्ट पुन्हा उघडली. मनात हेच, की .२२-२५० असतं तर वाचलो असतो. आकडे टाकले. त्याच वाऱ्यात, त्याच अंतरावर .२२-२५० ची तीच गोळी १६ इंचांच्या आसपास सरकली असती. म्हणजे जवळपास तीन हजार शब्दांचे वाद ज्या फरकावर चालतात तो फरक होता दोन-अडीच इंचांचा, आणि माझी चूक होती नऊ इंचांची. दोन्ही गोळ्या बशीच्या बाहेर. कॅलिबर बदलून ती सकाळ बदलली नसती.

आता ती लायसन्सची भानगड. एच-१बी, एफ-१ असे नॉन-इमिग्रंट व्हिसा असलेल्यांना अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच बंदी आहे. बाळगणं म्हणजे फक्त विकत घेणं नाही, मित्राची हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. यातला एक मोठा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू, कायदेशीर हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असणं. ऑफिसच्या टीमबरोबर 'चल रे, मजा येईल' म्हणून शूटिंग रेंजला निघालेली आपली पोरं मी पाहिली आहेत, आणि कोणालाही हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मामांनी पहिल्या दिवशी फाटकाशीच विचारलं, "लायसन्स खिशात आहे ना?" होतं, कारण टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा सुरक्षा कोर्स करावा लागतो आणि मित्राने तो मला आधीच करायला लावला होता. तो कोर्स ऑनलाइन होतो, आणि खरंच उपयोगाचा आहे. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, तारखेवर लक्ष ठेवा. मी वकील नाही. ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर आपल्या वकिलाला ईमेल करूनच पुढचं पाऊल टाका. एका रविवारच्या मजेसाठी व्हिसा घालवण्याएवढी ही गोष्ट मोठी नाही.

काहींनी विचारलं की मुळात मारायचेच कशाला. प्रश्न बरोबर आहे. शंभराहून जास्त वर्षं अमेरिकेत कायोटी मारले जातायत, आणि तो कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ सगळ्या खंडभर पसरला, शिकागोसारख्या शहरातसुद्धा राहतो. सरसकट मारून तो संपत नाही, हे उघड आहे. मामांचं म्हणणं असं की त्यांना 'कायोटी' संपवायचे नाहीत, वासरांच्या कुरणात येणारा तो एक हवाय. मला ते पटतं, पण पूर्ण पटतं असंही नाही. त्यावर वेगळा एपिसोड करू.

तर मी सध्या काय वापरतो? मामांची जुनी बोल्ट-ॲक्शन .२२३, पीळ १:९, ५५ ग्रेनची फुटणारी गोळी, २०० यार्डावर शून्य केलेली. स्वतःची घेतलेली नाही. घेतलीच तर हीच घेईन. नवीन माणसाने विचारलं तर माझं उत्तर हेच: .२२३ घ्या, आणि उरलेल्या पैशांच्या गोळ्या घेऊन सराव करा. हरीणही मारायचं असेल तर .२४३. बाकीचे दोन तुम्हाला लागतील तेव्हा तुम्हाला कोणाला विचारायची गरज पडणार नाही.

त्या प्रकारानंतर मामांनी कुंपणाच्या खांबांना लाल फडकी बांधली, आम्ही बसायचो तिथून मोजून २०० यार्डावर. मला म्हणाले, फडक्याच्या पलीकडे असेल तर तो तुझा नाही.

शेवटच्या सकाळी एक आला, फडक्याच्या बराच अलीकडे, १२० यार्ड असेल. वारा पडलेला. आडवा उभा, बशी स्पष्ट दिसत होती. पण तो उंचवट्याच्या अगदी कडेवर होता आणि त्याच्या मागे नुसतं आकाश. .२२३ ची गोळी काही लागलं नाही तर तीन किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. साध्या .२२ च्या खोक्यावरसुद्धा दीड मैलाची ताकीद छापलेली असते. त्या उंचवट्याच्या पलीकडे रस्ता आहे, आणि शेजाऱ्यांचं घर. मी चापावरून बोट काढलं. तो अर्धा मिनिट आमच्याकडे बघत उभा राहिला आणि पलीकडे उतरून गेला. मामा थर्मासमधून कॉफी ओतत होते. त्यांनी पहिला कप मला दिला.

चला मंडळी, भेटू पुढच्या शनिवारी. प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, पण एका मिनिटाच्या आत, प्लीज.